कानाशी बसलेला दुभाषी

भोपाळच्या न्यू मार्केटात काय किंवा जुन्या चौकातल्या गल्ल्यांत काय, मोबाईल फोनचे किरकोळ सामान विकणाऱ्या दुकानांत हल्ली एक इवलीशी वस्तू हमखास मिळते. एका टोकाला फोनच्या तळाशी असलेल्या चपट्या खाचेत बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनची जुनी गोल पिन घेणारे भोक, आणि दोहोंच्या मध्ये बोटभर वायर. दुकानदार तिला 'कनेक्टर' म्हणतो आणि गिऱ्हाईकही तेच नाव घेऊन ती मागतो. वास्तविक हे नाव तिला शोभत नाही. कनेक्टर म्हणजे जोडणारा. दोन तारांची गाठ घालून दिली की त्याचे काम संपले. ही वस्तू, निदान तिचा अधिक प्रचलित प्रकार, जोडत नसून भाषांतर करते. फोन आकड्यांत बोलतो, कानाला आकडे कळत नाहीत. तेव्हा आकड्यांचा ध्वनी करून देणारा एक दुभाषी त्या बोटभर नळीत बसविलेला असतो. तो कसा वागेल हे सांगणारा एक लेखी हुकूम त्याच्याच पोटात साठविलेला असतो. त्या हुकुमाला फर्मवेअर म्हणतात. आणि वस्तू विकली गेल्यावर, ती घरी येऊन महिने लोटल्यावरदेखील, तो हुकूम बदलता येतो.

पूर्वीच्या काळी दुभाषाचे महत्त्व राजेरजवाडे पुरेपूर ओळखून असत. दुभाषा आपल्या पदरचा की समोरच्याच्या, यावर तहाची कलमे फिरत. कानाशी येऊन बसलेला हा नवा दुभाषा कोणाच्या पदरी आहे, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जाणे भाग आहे.

हेडफोनची गोल पिन ही विद्युत्-युगातील सर्वांत दीर्घायुषी वस्तूंपैकी एक होय. तिचा जन्म संगीतासाठी झाला नाही. अमेरिकेत १८७८ साली टेलिफोनची पहिली व्यापारी केंद्रे निघाली, आणि एका घरची तार दुसऱ्या घरच्या तारेशी क्षणात जोडावी व क्षणात तोडावी, अशी गरज उत्पन्न झाली. त्या वेळी चार्ल्स स्क्रिब्नर या तरुण कारागिराने खटक्याच्या चाकूसारखी दिसणारी एक जोडणी तयार केली. चाकूच्या इंग्रजी नावावरूनच 'जॅक' हा शब्द रूढ झाला. १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली, आणि कालांतराने पाव इंच जाडीची ती पिन भारतातही आली. पुढे तिचा व्यास साडेतीन मिलिमीटरांपर्यंत उतरला, एकेरी आवाजाची पिन दुहेरी झाली, मायक्रोफोनसाठी तिच्यावर आणखी एक कडी चढली. पण तत्त्व तेच राहिले. धातूला धातू टेकला की प्रवाह वाहतो. तिला परवानगी लागत नाही, ओळख पटवावी लागत नाही, आणि तिच्यात बिघडण्यासारखे असे फारसे काही नाही.

कानावर चढवावयाचा हेडफोन हाही संगीताच्या आधी कामकाजाचा होता. नथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन माणसाने १९१० च्या सुमारास बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने तारायंत्रवाल्यांसाठी विकत घेतले, आणि तेथून हे उपकरण जगभर गेले. हिंदुस्थानात नभोवाणी आली तेव्हा ती प्रथम याच उपकरणातून ऐकू आली. मुंबईच्या हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. ज्यांना व्हॉल्व्हचा महागडा रेडिओ परवडत नसे, ते स्फटिकाचा संच वापरीत. शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकणारे बारीक तारेचे टोक, गच्चीवर ताणलेली लांब तार, आणि हेडफोन! या संचाला बॅटरी लागत नसे. आकाशातून येणाऱ्या लहरीत जी शक्ती असेल तेवढ्यावरच तो बोले. तारेचे टोक खड्यावर कोठे टेकवावे हे श्रोता स्वतः शोधी, कधी अर्धा तास हातात सुईसारखी तार धरून बसे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्या संचातील सारी सेटिंग्ज श्रोत्याच्या दोन बोटांत होती.

भोपाळची नभोवाणी त्या मानाने धाकटी. येथे नबाबी नांदत होती. १ जून १९४९ रोजी संस्थानाचा कारभार भारत सरकारकडे आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर न राहता भोपाळ झाली. फायलींनी भरलेल्या पेट्यांबरोबर नागपूरचे कारकून, शिक्षक, इंजिनियर आपली बिऱ्हाडे घेऊन येथे आले. त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. ग्वाल्हेर-इंदूरकडची मराठी घरेही राजधानीच्या ओढीने आली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत आणखी भर पडली. नागपूर केंद्र १९४८ पासून मराठी बोलत होते. त्याची सवय झालेल्या कानांना भोपाळात नवे केंद्र मिळाले ते १९५६ सालचेच, आणि ते अर्थातच हिंदी होते. तेव्हा मराठी ऐकावयाचे तर रेडिओचा काटा फिरवून नागपूर किंवा मुंबई धरणे आले. रात्रीच्या वेळी मध्यमलहरी दूरवर पोचतात. खरखर सोसण्याची तयारी असली की झाले.

काटा फिरविण्याचे हे स्वातंत्र्य किती मोलाचे होते, याची एक साक्ष त्याच काळातली आहे. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुण्याच्या विद्वान गृहस्थांकडे होते. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर कैवारी होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारी मिळाली. त्याही आधी, १९४० साली, हार्मोनियमला नभोवाणीच्या स्टुडिओत बंदी झाली होतीच. श्रोत्यांनी यावर मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा फिरविला आणि लघुलहरींवर रेडिओ सिलोन धरले. बुधवारच्या रात्री 'बिनाका गीतमाला' लागली की भारतातील घरोघरचे रेडिओ कोलंबोकडे वळत. अखेर सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या हेतूंविषयी आदर ठेवूनही असे म्हणावे लागेल की, त्या झगड्यात जिंकली ती रेडिओच्या पुढील बाजूस असलेली ती गोल बटणे. दिल्लीला काय वाटते याच्याशी त्या बटणांचे काही देणेघेणे नव्हते.

यानंतरचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. १९५४ मध्ये ट्रान्झिस्टरचा खिशात मावणारा रेडिओ निघाला, १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले, आणि १९७९ साली सोनी कंपनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर आणला. वॉकमनबरोबर साडेतीन मिलिमीटरची पिन जगन्मान्य झाली. पुढे मोबाईल फोन निघाले, त्यांतही तेच भोक आले.

मधल्या काळात मात्र ध्वनीच्या अंतरंगात मोठी क्रांती घडून गेली होती. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणारे ॲलेक रीव्हज यांना अशी कल्पना सुचली की, आवाजाची लहर जशीच्या तशी पाठविण्याऐवजी ठरावीक अंतराने तिची उंची मोजावी आणि ते आकडे पाठवावेत. तारेतील खरखर लहरीला विद्रूप करते, आकड्याला सहसा करू शकत नाही. ही कल्पना तिच्या काळाच्या इतकी पुढे होती की घराघरांत पोचावयास तिला १९८२ साल उजाडले. त्या वर्षी निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. डाव्या-उजव्या दोन्ही कानांचा हिशेब धरला तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक एक-शून्ये होतात. कुमार गंधर्वांनी देवासच्या घरी बसून लावलेला षड्ज आज असा एक-शून्यांच्या राशीत साठविता येतो. पण कानाला तो पुन्हा लहर होऊनच भेटला पाहिजे. हे उलटे भाषांतर करणाऱ्या चिपेला 'डॅक' म्हणतात. २०१६ पर्यंत हा दुभाषा बहुतेक फोनांच्या पोटात असे आणि गोल भोकातून तयार आवाज बाहेर येई.

दुभाष्याला घराबाहेर काढण्याची सोय ज्या जोडणीने केली, तिच्या जन्मात एका भारतीयाचा मोठा हात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेले अजय भट्ट हे इंटेल कंपनीत होते. संगणकाला छापयंत्र जोडावयाचे तर एक खाच, माऊसला दुसरी, आणखी कशाला तिसरी, या गोंधळाला कंटाळून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांसाठी एकच जोडणी योजली. १९९६ साली ती यूएसबी या नावाने प्रसिद्ध झाली, आणि १९९८ मध्ये तिच्यावरून ध्वनी कसा पाठवावा याचे नियम ठरले. २०१४ साली उलट-सुलट कशीही बसणारी चपटी टाइप-सी खाच आली. आणि २०१६ मध्ये ॲपल, मोटोरोला यांसारख्या बड्या कंपन्यांनी आपल्या नव्या फोनांतून गोल भोकच काढून टाकले. जागा वाचते, पाणी शिरत नाही, अशी कारणे सांगण्यात आली. बिनतारी इअरफोन विकण्याची सोय होते, हे कारण सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही! ज्यांच्याजवळ तारेचे चांगले हेडफोन होते त्यांच्यासाठी हा बोटभर अडॅप्टर उरला.

येथे गिऱ्हाइकाची एक फसगत नेहमी होते. काही फोन टाइप-सी खाचेतूनच तयार आवाज बाहेर सोडतात. अशा फोनाला नुसत्या तारेचा अडॅप्टर पुरतो. बाकीच्या फोनांतून फक्त आकडे बाहेर येतात. त्यांना डॅक असलेला अडॅप्टर लागतो, आणि नुसत्या तारेचा लावला तर ते मख्ख राहतात. दोन्ही वस्तू दिसावयास सारख्याच. वेष्टनावर 'डॅक' असे लिहिले आहे की नाही हे पाहणे, किंवा दुकानातच फोनला लावून ऐकणे, एवढाच उपाय.

डॅकवाला अडॅप्टर फोनला लावला की पहिल्या क्षणी दोघांत एक संभाषण होते. फोन विचारतो, तू कोण? अडॅप्टर आपले नाव-गाव, कोणत्या वेगाचे आकडे आपल्याला झेपतात, आवाज कमी-जास्त करण्याची सोय आपल्यात आहे की नाही, हे सारे सांगतो. मग आकड्यांचा ओघ सुरू होतो. पण येथे एक नाजूक प्रश्न असतो: ताल कोणाचा? फोनमधले घड्याळ आणि अडॅप्टरमधले घड्याळ कधीच तंतोतंत जुळत नाही. फोनच्या तालावर चालावे तर त्याची अस्थिरता आवाजात उतरते. म्हणून चांगल्या अडॅप्टरात ताल अडॅप्टरचा असतो, आणि तोच फोनला वरचेवर सांगत राहतो, जरा भरभर पाठव, आता जरा हळू. तबलजीने ठेका धरावा आणि गवयाने त्याच्या बरोबर राहावे, असा हा प्रकार आहे. हे सर्व बोलणे-चालणे, ही सर्व तडजोड फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. त्यात एक ओळ चुकली तर गाणे मध्येच टचकन तुटते, पहिला अर्धा सेकंद गिळला जातो, किंवा फोनवर बोलताना मायक्रोफोन बंद राहतो. दोष तारेत नसतो, चिपेतही नसतो; हुकुमात असतो.

'फर्मवेअर' हा शब्द ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली एका संगणकविषयक मासिकात प्रथम वापरला. यंत्राचा कठीण भाग हार्डवेअर, त्यावर चालणारा कार्यक्रम सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मध्ये घट्ट बसलेला तो फर्मवेअर. त्या काळी तो खरोखर घट्ट असे. कारखान्यात चिपेवर एकदा कोरला की कोरला. चूक निघाली तर चिप फेकून द्यावी लागे. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी चिप शोधली. तिच्या पाठीवर स्फटिकाची छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून जंबुपार किरण वीसेक मिनिटे टाकले की मजकूर पुसला जाई आणि नवा लिहिता येई. मात्र त्यासाठी यंत्र उघडून चिप बाहेर काढणे भागच होते. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती शोधून काढली. ती जागच्या जागी, नुसत्या विजेने, क्षणार्धात पुसता येते. फोटोच्या फ्लॅशसारखी म्हणून तिला तसे नाव. १९९९ साली यूएसबीच्या तारेवरूनच उपकरणातील फर्मवेअर बदलण्याचा सर्वमान्य रिवाज ठरला. पाटीवरची अक्षरे पुसून पुन्हा लिहावीत तसा दुभाष्याचा हुकूमनामा आता घरबसल्या बदलू लागला.

याचे फायदे खरे आहेत. ज्या अडॅप्टरात वर सांगितल्यासारखे दोष असतात, त्याचा कारखानदार काही महिन्यांनी सुधारलेला फर्मवेअर देतो, आणि जुनी वस्तू फेकावी न लागता दुरुस्त होते. नवा फोन घेतल्यावर त्याच्याशी न जुळणारा अडॅप्टर अशा बदलाने पुन्हा कामाला लागू शकतो. विंडोज संगणकांनी यूएसबी ध्वनीच्या नियमांची दुसरी आवृत्ती स्वतःहून ओळखावयास २०१७ साल उजाडले. तोवर अनेकांना कारखानदाराचा वेगळा कार्यक्रम संगणकात घालून घ्यावा लागे. जोडणीच्या दोन्ही टोकांना कार्यक्रम असला म्हणजे एका टोकाच्या सुस्तीची भरपाई दुसऱ्या टोकाला करावी लागते, ती अशी.

पण किंमतही आहे. फर्मवेअर लिहिला जात असताना वायर हलली, फोनची बॅटरी संपली, किंवा वीज गेली, की पाटी अर्धवट पुसलेली राहते. मग तो दुभाषा कोणतीच भाषा बोलत नाही. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी अशा वस्तूला 'वीट झाली' म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. काही अडॅप्टरांत मूळ हुकुमाची एक सुरक्षित प्रत वेगळी ठेवलेली असते. स्वस्त मालात तसे असेलच असे नाही. म्हणून नियम साधा आहे: वस्तू नीट चालत असेल तर केवळ नवा क्रमांक निघाला म्हणून फर्मवेअर बदलू नये. बदलावयाचाच तर बॅटरी भरून घ्यावी, वायरीला हात लावू नये, आणि तो कारखानदाराच्याच ठिकाणाहून घ्यावा. या शेवटच्या अटीला विशेष कारण आहे. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, यूएसबी वस्तूचा फर्मवेअर बदलून तिला निराळेच सोंग देता येते. दिसावयास ती साठवणुकीची पेटी, पण संगणकाला सांगते की मी कीबोर्ड आहे, आणि मालकाच्या नकळत हुकूम टंकू लागते. दुभाषा फितूर झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

दुसरी गोष्ट अधिक रोजच्या व्यवहारातली. कित्येक अडॅप्टरांची सेटिंग्ज वस्तूवर कोठेच नसतात. ती कारखानदाराच्या ॲपमध्ये असतात. ॲप एका प्रकारच्या फोनावर चालते, दुसऱ्यावर नाही. आणि कंपनीने ॲप काढून घेतले की सेटिंग्जचा दरवाजा बंद. रेडिओची गोल बटणे कंपनी बुडाली म्हणून कधी गळून पडली नव्हती.

या सेटिंग्जपैकी किती खरोखर कामाची, असा प्रश्न विचारला तर उत्तर थोडक्यात देता येते. 'फिल्टर' नावाचे एक सेटिंग असते, त्याचे चार-पाच प्रकार असतात, आणि त्यांच्यावरून हौशी मंडळींत मोठे वाद चालतात. हे फिल्टर माणसाच्या ऐकण्याच्या सीमेजवळ, वीस हजार कंपनांच्या आसपास काम करतात. चाळिशी उलटलेल्या बहुतेक कानांना तेथे काहीच ऐकू येत नाही. त्यावर झोप घालविण्यात अर्थ नाही. 'गेन' मात्र महत्त्वाचे. इअरफोन हलक्या रोधाचे असतात, त्यांना 'लो' पुरते. स्टुडिओतल्यासारखा तीनशे ओहमांचा मोठा हेडफोन असेल तर 'हाय' लागते. उलट केले तर एकतर आवाज कुजबुजतो, नाहीतर पहिल्याच सुराला कानठळ्या बसतात. तिसरी गोष्ट अडॅप्टरच्या आतील आवाजाची पातळी. फोनच्या पडद्यावरची पट्टी आणि अडॅप्टरच्या पोटातली पट्टी या दोन वेगळ्या असू शकतात. ॲपलचा छोटा अडॅप्टर काही अँड्रॉइड फोनांना लावला की आवाज दुबळा येतो, तो याच कारणाने: फोन आपली पट्टी वर नेतो, पण अडॅप्टरची आतली पट्टी खालीच राहते. वस्तू सदोष नाही, फोनही नाही. दोघांचे एका मुद्द्यावर बोलणे झालेले नसते. हाच अडॅप्टर युरोपातील बाजारासाठी कमी जोराचा बनविला जातो, कारण कानांच्या रक्षणासाठी तेथे मर्यादा घातलेल्या आहेत. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे!

कानांच्या रक्षणाची ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर सुरक्षित श्रवणाचे मानक ठरविले. त्याप्रमाणे प्रौढ माणसाने ऐंशी डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ऐकावा. आणि पातळी तीन डेसिबलने चढली की वेळ निम्म्यावर आणावी. म्हणजे ८३ डेसिबलला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. अंतःकर्णातील केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शाळकरी मुलाच्या हाती अडॅप्टर देताना गेन 'लो'वर आहे की नाही हे पाहणे, हे आता चष्म्याचा नंबर पाहण्याइतकेच पालकांच्या कर्तव्यांत मोडते.

आता राहिली ती गोष्ट, जी भोपाळइतकी दुसऱ्या कोठल्या गावाने समजून घ्यावी? साध्या हेडफोनची तार दोन कामे करीत असे. ती कानापर्यंत आवाज नेई, आणि मोबाईलमधील एफ.एम. रेडिओसाठी तीच एरियल होई. एफ.एम.च्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या असतात. हातभर-दोन हात तार त्यांना पकडावयास पुरते. म्हणून तर 'हेडफोन लावा' अशी सूचना फोनच्या पडद्यावर येत असे. यासाठी इंटरनेट लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि मोबाईलचे मनोरे बंद पडले तरी रेडिओ चालू राहतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट वायू भोपाळवर पसरला. कारखान्याचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. लोक झोपेतून उठले ते डोळ्यांच्या आगीने; वाट फुटेल तिकडे पळाले, आणि पुष्कळजण वायूच्याच दिशेने पळाले. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याला आडवे निघून जावे, एवढी दोन वाक्ये वेळेवर कानी पडती तर अनेकांचे जीव वाचते. रेल्वे स्टेशनवर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी उभ्या गाडीला वेळेआधी बाहेर काढले आणि आजूबाजूच्या स्थानकांना खबर देऊन येणाऱ्या गाड्या थोपविल्या. तारेवरून वेळीच गेलेल्या त्या शब्दांनी शेकडो प्रवासी वाचले. शहराला असे शब्द कोणी दिले नाहीत.

त्या रात्री मोबाईल फोन नव्हते. आज आहेत, परंतु गोल भोक गेल्याबरोबर कित्येक फोनांतून एफ.एम.ही गेले. काहींत त्याची चिप असूनही ती फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवलेली असते. २०२३ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन उत्पादकांना सूचना केली की, ज्या फोनांत एफ.एम.ची सोय आहे तेथे ती बंद ठेवू नये आणि नसेल तेथे द्यावी. आपत्तीच्या प्रसंगी व गरीब माणसाला तिचा आधार असतो, हे कारण त्यात नमूद होते. ती सूचना होती, कायदा नव्हे.

अडॅप्टर घेताना या दृष्टीने दोन प्रकारांत मोठा फरक पडतो. नुसत्या तारेचा अडॅप्टर ज्या फोनांना चालतो आणि ज्यांत एफ.एम. आहे, त्यांत हेडफोनची तार बहुधा पूर्वीसारखीच एरियल होते. डॅकवाला अडॅप्टर मध्ये आला की आवाज आकड्यांच्या वाटेने जातो, आणि आकड्यांच्या वाटेने एरियलची लहर उलटी फोनकडे येऊ शकत नाही. दुभाषा कितीही हुशार असला, त्याचा फर्मवेअर कितीही ताजा असला, तरी. तेव्हा न्यू मार्केटातल्या दुकानदाराने काचेवर दोन्ही कनेक्टर मांडले की गाणे लावून पाहण्याआधी एफ.एम. उघडावे, हेडफोन जोडावा, आणि भोपाळ केंद्र लागते का ते तेथेच उभे राहून ऐकावे.